भावी राष्ट्राध्यक्षांचे बॅनर

ठाण्यात तीन हात नाक्यावरून घोडबंदर रोडला लागलं की दर चार खांबांमागे एक 'भावी' भेटतो. भावी नगरसेवक, भावी आमदार, मध्येच एखादा भावी मुख्यमंत्रीसुद्धा. खाली शुभेच्छुकांचे वीस-पंचवीस गोल फोटो. ज्याला प्रभागातलं राजकारण कळतं तो बॅनरची लांबी-रुंदी बघत नाही. मतदार यादीचे किती भाग या माणसाच्या पोरांनी पायाखाली घातलेत, मतदानाच्या दिवशी पोलचिटच्या टेबलावर कोण बसणार, तिकीट कापलं गेलं तर किती जण त्याच्याबरोबर उभे राहणार, एवढंच तो विचारतो. गंमत अशी, की हाच जाणकार अमेरिकेच्या निवडणुकीवर बोलायला लागला की थेट बॅनर मोजायला बसतो. न्यूसम पुढे आहे, कमला परत येतेय, व्हान्सचं तर पक्कंच आहे. कशावरून? तर कुणीतरी पाठवलेल्या तक्त्यात त्यांची नावं वर होती.

तिथली निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ला आहे. बाविसाव्या घटनादुरुस्तीमुळे ट्रम्प यांना तिसऱ्यांदा निवडून येता येत नाही, त्यामुळे त्यांचा रिपब्लिकन आणि विरोधी डेमोक्रॅटिक अशा दोन्ही पक्षांत जागा मोकळी आणि इच्छुकांची रांग लागलेली. आपल्याकडे ही चर्चा निव्वळ करमणूक म्हणून होत नाही. ऐरोली, महापे, घणसोलीतली कितीतरी माणसं तिकडच्या घड्याळावर कामाला जातात. नेरूळ-खारघरच्या सोसायट्यांत कुणाचा ना कुणाचा मुलगा एडिसनला नाहीतर डॅलसला असतो. १९ सप्टेंबर २०२५ला नव्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावणारा आदेश निघाला, तेव्हापासून 'पुढे कोण येणार' हा प्रश्न शैक्षणिक कर्जाच्या हिशेबातही डोकावू लागला आहे.

माझं म्हणणं असं: निवडणुकीच्या दोन-अडीच वर्षं आधी यादीत जे नाव वर असतं, ते बहुतेक वेळा लोकांना असलेल्या नावाच्या ओळखीच्या जोरावर असतं. उमेदवारी मात्र राज्याराज्यांत जिंकलेल्या प्रतिनिधींच्या (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणाऱ्या माणसांच्या) बेरजेवर मिळते. ओळखीचं रूपांतर प्रतिनिधींमध्ये करण्याची यंत्रणा कुणाकडे आहे, हे बाहेरून, इथे ठाण्यात बसूनही तपासता येतं. ज्याच्याकडे ती नाही तो फुगवलेला, मग जनमत चाचणीत त्याचा आकडा कितीही असो.

आधी तो आकडा कसा तयार होतो ते बघू. देशव्यापी चाचणीत साधारण हजारभर मतदार घेतले, तर त्यात स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणारे चारशेच्या आसपास निघतात आणि डेमोक्रॅटिक उमेदवारीचा प्रश्न तेवढ्यांनाच विचारला जातो. चारशेच्या नमुन्यात चुकीची मर्यादा दोन्ही बाजूंना जवळपास पाच टक्के असते. एकाला २४ आणि दुसऱ्याला १८ टक्के असतील, तर त्या सहा टक्क्यांच्या अंतरावर लागू होणारी मर्यादा सहाच्याही थोडी वर जाते. म्हणजे 'आघाडी' आहे की नाही हेच ठरत नाही. त्यात निवडणूक दूर असताना लोक ऐकलेलं नाव सांगून मोकळे होतात. चाचणीच्या पूर्ण तक्त्यात 'अनुकूल', 'प्रतिकूल' यांच्या शेजारी 'नाव ऐकलेलं नाही' असा एक रकाना असतो. कामाचा रकाना तो. समजा एखाद्या राज्यपालाला ६ टक्के पाठिंबा आहे आणि निम्म्या मतदारांनी त्याचं नावच ऐकलेलं नाही, तर त्याला वाढायला जागा आहे. दुसऱ्याला २२ टक्के आहेत, पण त्याला सगळेच ओळखतात, तर उरलेल्या ७८ टक्क्यांनी त्याला बघून, ओळखून बाजूला ठेवलेलं आहे. पहिल्याची बातमी होत नाही. दुसऱ्याची रोज होते.

सट्टाबाजारांचे भाव हल्ली चाचण्यांपेक्षा जास्त फिरतात. तिथे अभिनेते, पॉडकास्टवाले यांच्या नावांनाही एक-दोन टक्के भाव दिसतो. कारण सोपं आहे. हा माणूस जिंकणार नाही असं म्हणून ९८ सेंट गुंतवायचे आणि दोन-अडीच वर्षांनी एक डॉलर हातात घ्यायचा, हा धंदा कुणाला परवडतो? बँकेतली ठेव त्याहून बरी. त्यामुळे भाव खाली आणायला कुणी येत नाही आणि फुसकी नावं तरंगत राहतात.

आता थोडा इतिहास. १९७२ साली सिनेटर एडमंड मस्की डेमोक्रॅटिक पक्षाचे निर्विवाद पुढारी मानले जात. न्यू हॅम्पशायरची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, त्यांनी जिंकलीसुद्धा, ४६ टक्क्यांनी. जॉर्ज मॅकगव्हर्न ३७ वर राहिले. पण शेजारच्या मेन राज्याच्या सिनेटरला एवढीच मतं, म्हणून तो विजय पराभवासारखा वाचला गेला. मस्की एप्रिलमध्ये प्रचारातून बाहेर पडले. उमेदवारी मिळालेल्या मॅकगव्हर्न यांच्याकडे एक गोष्ट होती, प्रतिनिधी निवडीचे नवे नियम लिहिणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलेलं होतं. कुठल्या राज्यात कुठली बैठक किती माणसांनी जिंकता येते, हे त्यांच्या लोकांना तोंडपाठ होतं.

१९८० सालचे जॉन कॉनली हा तर अभ्यासाचाच विषय आहे. टेक्ससचे माजी राज्यपाल, माजी अर्थमंत्री, रुबाबदार वक्ते, उद्योगपतींचे लाडके. खर्चाची मर्यादा नको म्हणून त्यांनी सरकारी निधी नाकारला आणि सुमारे १.१ कोटी डॉलर उडवले. हाती किती प्रतिनिधी लागले? एक. आर्कन्सामधली एकटी बाई.

न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी ज्युलियानी २००७चा बराचसा काळ रिपब्लिकन चाचण्यांत पहिले होते. ११ सप्टेंबरनंतरचा त्यांचा चेहरा सगळ्या देशानं पाहिलेला. त्यांच्या चमूनं हिशेब केला की आयोवा, न्यू हॅम्पशायर, साउथ कॅरोलायना ही आधी मतदान होणारी राज्यं आपल्या स्वभावाची नाहीत, तेव्हा खरा जोर फ्लोरिडात लावू. हिशेब चुकला तो असा: २९ जानेवारी २००८ला फ्लोरिडाचं मतदान येईपर्यंत आधीच्या राज्यांमधून रोज दुसऱ्यांच्या विजयाच्या बातम्या येत राहिल्या, आणि फ्लोरिडाचे मतदार त्या बातम्या बघूनच केंद्रावर गेले. ज्युलियानी तिसरे आले, दुसऱ्या दिवशी बाहेर पडले. मायकल ब्लूमबर्ग यांनी २०२० साली पहिली चार राज्यं सोडून तोच प्रयोग स्वतःच्या एक अब्जाहून जास्त डॉलरवर केला. सुपर ट्यूसडेला, म्हणजे एकाच दिवशी अनेक राज्यांत मतदान होतं त्या मंगळवारी, त्यांनी जिंकलं ते फक्त अमेरिकन सामोआ. उंटावरून शेळ्या हाकायला एवढा खर्च इतिहासात दुसऱ्या कुणी केला नसेल.

हॉवर्ड डीन (२००४), बीटो ओ'रूर्क (२०२०) यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. डीन यांना अल गोर यांचा पाठिंबा, इंटरनेटवरून आलेला पैसा, मासिकांची मुखपृष्ठं सगळं मिळालं. आयोवात १८ टक्के आणि तिसरा क्रमांक. ओ'रूर्क यांनी पहिल्या २४ तासांत ६१ लाख डॉलर जमवले आणि आयोवाचं मतदान यायच्या तीन महिने आधीच गाशा गुंडाळला.

जेब बुश यांच्याजवळ मात्र थांबायला हवं, कारण पैसा या शब्दाचा अर्थ तिथे नीट कळतो. २०१५च्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्या बाजूच्या सुपर पॅकनं (उमेदवारापासून वेगळं राहून त्याचा प्रचार करणारी संस्था) १० कोटी डॉलरच्या वर रक्कम गोळा केली. बातम्या आल्या, शर्यत संपली. प्रत्यक्षात त्यांना चार प्रतिनिधी मिळाले आणि २० फेब्रुवारी २०१६ला साउथ कॅरोलायनाच्या निकालाच्या रात्री ते बाहेर पडले. उमेदवाराच्या स्वतःच्या समितीत येणारा पैसा आणि सुपर पॅकचा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समितीला एका व्यक्तीकडून घ्यायच्या देणगीला मर्यादा असते (२०२५-२६साठी दर निवडणुकीला ३,५०० डॉलर, दर दोन वर्षांनी ती महागाईनुसार बदलते). सुपर पॅकला मर्यादा नाही, पण तो पैसा उमेदवाराच्या कचेरीचे पगार, हॉटेलं, विमानाची तिकिटं यांवर खर्च करता येत नाही. शिवाय प्रायमरीच्या आधीचे ४५ दिवस उमेदवाराला टीव्हीवर सर्वांत कमी दरानं वेळ द्यावी लागते. सुपर पॅकला ही सवलत नाही, तिला ही वेळ बाजारभावानं, म्हणजे त्याच जाहिरातीला काही पट मोजून विकत घ्यावी लागते. दहा कोटींची बातमी वाचताना एवढी वजावट करायला हवी.

स्कॉट वॉकर याच कारणानं गेले. विस्कॉन्सिनचे राज्यपाल, २०१५च्या उन्हाळ्यापर्यंत आयोवात पहिले. कचेरीत नव्वदच्या आसपास माणसं भरली. चाचण्यांतला आकडा घसरला, समितीकडे येणारा पैसा आटला, पगार थांबले नाहीत. ७१ दिवसांत प्रचार संपला, आणि त्या वेळी त्यांच्या सुपर पॅकच्या खात्यात कोट्यवधी डॉलर पडून होते.

रॉन डिसँटिस यांनी २०२३ साली हेच दुखणं पुन्हा काढलं. २०२२च्या नोव्हेंबरात ते फ्लोरिडात राज्यपालपदी १९ टक्क्यांच्या फरकानं निवडून आलेले, ट्रम्प यांना पर्याय म्हणून सगळीकडे त्यांचंच नाव. जुलै २०२३मध्ये त्यांच्या समितीचा पहिला तिमाही हिशेब आला, तो जरा जवळून बघण्यासारखा आहे. जमा सुमारे २ कोटी डॉलर, सहा आठवड्यांत. वरवर पाहता झकास. पण जमा रकमेचा मोठा हिस्सा कमाल मर्यादेइतकी देणगी देऊन मोकळ्या झालेल्या लोकांचा होता. म्हणजे ते पुन्हा देऊ शकत नव्हते. सुमारे ३० लाख डॉलर तर मुख्य निवडणुकीसाठी बांधलेले, प्रायमरीत हात लावता येत नाही असे. खर्च जवळपास ७९ लाख, आणि पगारपत्रकावर नव्वदहून अधिक नावं. महिना संपायच्या आत एक तृतीयांशाहून जास्त माणसं कमी करावी लागली. दारोदार फिरण्याचं काम सुपर पॅककडे सोपवलेलं, त्यांच्याशी कायद्यानं बोलायची चोरी. आयोवाच्या ९९ काउंटी पालथ्या घालूनही मिळाले २१ टक्के, ट्रम्प ५१. (मार्च २०२४मध्ये निवडणूक आयोगानं दारोदार प्रचारापुरता हा अटकाव सैल केला. २०२८ला सुपर पॅकची माणसं उमेदवाराच्या कचेरीशी बोलून घरं वाटून घेऊ शकतील. हा बदल चाचण्यांत कुठेच दिसणार नाही, पण डिसँटिस यांच्यासारखी फसगत त्यामुळे थोडी कमी होईल.)

पैशाइतकाच दुर्लक्षित विषय म्हणजे भागाकार. डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम असा, की राज्यात किंवा मतदारसंघात १५ टक्के मतं मिळाली तरच प्रतिनिधी मिळतात. समजा एका मतदारसंघाच्या वाट्याला सहा प्रतिनिधी आहेत. पहिल्याला ३४ टक्के, दुसऱ्याला २३, तिसऱ्याला १४, चौथ्याला १३, बाकी किरकोळ. तिसऱ्याला आणि चौथ्याला शून्य. राहिले दोघे, त्यांची बेरीज ५७. ३४ला ५७नं भागून सहानं गुणा: ३.५८. दुसऱ्याचे २.४२. पूर्णांक तीन आणि दोन वाटले, उरलेला एक ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला. हिशेब ४-२. एक तृतीयांश मतांत दोन तृतीयांश प्रतिनिधी. राष्ट्रीय चाचणीत १२-१४ टक्क्यांवर असणारा जो माणूस 'मजबूत तिसरा' म्हणून मिरवतो, त्याच्या हाती या नियमात धुपाटणं येतं.

सम संख्येचे मतदारसंघ तर आणखी विचित्र. चार प्रतिनिधी आणि दोनच उमेदवार असतील तर ५५-४५ला २-२ होतात, ६०-४०लाही २-२. तीन मिळवायला ६२.५ टक्क्यांच्या वर जावं लागतं. पाच प्रतिनिधींच्या मतदारसंघात मात्र अर्ध्याच्या वर थोडं गेलं की ३-२. ज्याच्या कचेरीत हे पाठ असतं तो चारच्या मतदारसंघात पैसा घालत नाही, पाचच्या ठिकाणी घालतो. ५ फेब्रुवारी २००८ला हिलरी क्लिंटन यांनी न्यू जर्सी जिंकलं; अकरा लाखांहून अधिक लोकांनी मतदान केलेलं, आणि निव्वळ फायदा ११ प्रतिनिधींचा. त्याच दिवशी ओबामा यांनी आयडाहोची कॉकस (पक्षसभांमधलं मतदान) जिंकली. मतदार सुमारे २१ हजार, फायदा १२ प्रतिनिधींचा. आयडाहोत ओबामांची माणसं कितीतरी आधीपासून कचेरी थाटून बसली होती. क्लिंटन तोवर देशव्यापी चाचण्यांत वीस-वीस टक्क्यांनी पुढे राहून आलेल्या.

रिपब्लिकनांकडे उलटं. तिथे अनेक राज्यांत जिंकणाऱ्याला सगळं किंवा जवळपास सगळं मिळतं. २०१६ला साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं होती आणि प्रतिनिधी पन्नासच्या पन्नास. म्हणून त्या पक्षात विरोधक पाच-सहा असणं हीच आघाडीवाल्याची खरी ताकद असते. २०२४साठी कॅलिफोर्नियाच्या रिपब्लिकनांनी नियम बदलून अर्ध्याच्या वर मतं मिळवणाऱ्याला सगळे १६९ प्रतिनिधी द्यायचं ठरवलं, ते कुणाच्या सोयीचं होतं हे सांगायला नको.

उमेदवारी अर्जाचंही तेच. २०१२ला व्हर्जिनियात नाव मतपत्रिकेवर यायला दहा हजार सह्या लागत, त्यातल्या प्रत्येक मतदारसंघातून किमान चारशे. रिक पेरी आणि न्यूट गिंगरिच यांच्यासारखे आघाडीचे लोक त्यात नापास झाले. मतपत्रिकेवर फक्त मिट रॉम्नी आणि रॉन पॉल. पेरी यांची आठवण लोक वादसभेत आपण बंद करणार असलेल्या तीन खात्यांपैकी तिसऱ्याचं नाव विसरल्यामुळे काढतात. (विसरलेलं खातं ऊर्जेचं. पुढे ट्रम्प यांनी त्यांना तेच दिलं.) माझ्या मते सह्यांचा घोळ जास्त बोलका आहे. विसरणं कुणालाही होतं. अकरा मतदारसंघांत सह्या गोळा करायला माणसं नसणं म्हणजे प्रचार कागदावरच होता.

इथे कुणी म्हणेल, की चाचण्यांत पुढे असलेले जिंकतातही. खरं आहे. रेगन १९८०, धाकटे बुश २०००, हिलरी २०१६ आणि बायडन २०२० यांनी उमेदवारी मिळवलीच. पण त्यांच्यात काय होतं ते बघा. रेगन १९७६ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याशी जवळपास बरोबरीनं लढून आले होते, राज्याराज्यांत त्यांची माणसं तयार होती. बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले तेव्हा त्यांना गेलेच म्हणून धरलं होतं. साउथ कॅरोलायनात डेमोक्रॅटिक प्रायमरीच्या मतदारांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय असतात. २६ फेब्रुवारीला तिथले कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला, २९ला बायडन तिथे मोठ्या फरकानं जिंकले, आणि तीन दिवसांनी सुपर ट्यूसडेला चौदापैकी दहा राज्यं त्यांची. चाचणीतल्या आकड्याखाली एक हलणारा, पक्का समाजगट होता. आणि २०२३मधले ट्रम्प? ज्याला पक्षातले निम्म्याहून जास्त लोक पहिली पसंती देतात तो फुगवलेला नसतोच. फुगवलेले भेटतात ते वीस-पंचवीस टक्क्यांच्या पट्ट्यात.

आपल्याकडे या सगळ्यावर एक जादा थर चढतो, तो भारतीय नावाचा. २०२३ला विवेक रामस्वामी यांच्यावर मराठी वाहिन्यांनी जेवढा वेळ खर्च केला तेवढी मतं त्यांना आयोवात मिळाली नाहीत: ७.७ टक्के, चौथा क्रमांक, त्याच रात्री माघार. जवळचं उदाहरण हवं तर श्री ठाणेदार यांचं घ्या. बेळगावात वाढलेला माणूस २०१८ला मिशिगनच्या राज्यपालपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरला, स्वतःचे लाखो डॉलर टीव्ही जाहिरातींत घातले, आणि सुरुवातीच्या काही चाचण्यांत ग्रेचेन व्हिटमर यांच्या बरोबरीला, कधी पुढेही दिसला. ऑगस्टमध्ये मतं मोजली तेव्हा व्हिटमर ५२ टक्के, ठाणेदार १८च्या आत, तिसरे. जाहिरातींनी नाव घरोघरी पोहोचवलं होतं. पक्षाच्या काउंटी समित्या आणि कामगार संघटना व्हिटमर यांच्याकडे होत्या. ठाणेदार यांनी त्यातून धडा घेतलेला दिसतो. पुढची निवडणूक त्यांनी डेट्रॉइटमधल्या विधानसभेच्या एका लहान मतदारसंघातून लढवली आणि २०२२ला ते संसदेत गेले.

आणि तिकडे असलेल्या आपल्या मुलांबद्दल एक तपशील, कारण यात लोक खरोखर चुकतात: एच-वन-बीवर असलेल्याला कुठल्याही उमेदवाराला एक डॉलरही देता येत नाही, मित्राच्या नावानं दिला तरी तो गुन्हाच. ग्रीन कार्डधारकाला देणगी देता येते, मत देता येत नाही.

आता २०२८ची नावं. माझ्या लेखी सर्वांत जास्त फुगलेलं नाव कमला हॅरिस यांचं. जानेवारी २०१९ला ओकलंडमध्ये वीस हजारांहून जास्त गर्दीसमोर त्यांनी प्रचार सुरू केला, जूनच्या वादसभेनंतर वर गेल्या, आणि ३ डिसेंबरला, पहिलं मतदान व्हायच्या दोन महिने आधी, पैसा संपल्यानं थांबल्या. २०२४ला बायडन २१ जुलैला बाजूला झाले आणि त्यांचे प्रतिनिधी हॅरिस यांच्याकडे आले. म्हणजे दोनदा राष्ट्राध्यक्षपदासाठी उतरूनही प्रायमरीच्या मतपेटीतून त्यांना आजवर एकही प्रतिनिधी मिळालेला नाही. नोव्हेंबरात इलेक्टोरल मतांत ३१२ विरुद्ध २२६ असा पराभव झालेल्या उमेदवाराला पक्ष पुन्हा संधी देईल असं मानायला मला तरी ओळखीच्या नावापलीकडे आधार दिसत नाही.

गॅव्हिन न्यूसम यांचं प्रकरण थोडं गुंतागुंतीचं. २०२५च्या नोव्हेंबरात मतदारसंघ फेररचनेचा ठराव त्यांनी कॅलिफोर्नियात मोठ्या फरकानं मंजूर करून घेतला; ट्रम्प यांच्याशी भांडणारा माणूस ही प्रतिमा त्यातून पक्की झाली. २०२१ला मुदतीआधीच मतदान घेऊन पदावरून परत बोलावण्याचा प्रयत्नही त्यांनी सुमारे ६२ टक्के मतांनी उधळला. पण कॅलिफोर्नियाबाहेर त्यांनी कधीच निवडणूक लढवलेली नाही, आणि राज्यपालपदाची मुदत जानेवारी २०२७ला संपते. प्रचाराला वेळ मिळेल. रोज बातमीत राहण्याचं कारण मात्र जाईल. त्या राज्याच्या राज्यपालांचा इतिहासही उत्साह वाढवणारा नाही. जेरी ब्राऊन तीनदा पडले, पीट विल्सन १९९५ला महिन्याभरात परतले. रेगन पोचले, तेही १९६८ आणि १९७६ला अपयश पदरी घेऊन. न्यूसम यांनी २०२७च्या उन्हाळ्यात साउथ कॅरोलायना आणि नेवाडातल्या कचेऱ्यांत कुणाला नेमलं, ते बघावं. तोवर पहिला क्रमांक मी तरी मानणार नाही.

बायडन यांचे परिवहनमंत्री राहिलेले पीट बुटिजज यांचं दुखणं नेमक्या एका आकड्यात आहे: आयोवात २०२०ला सर्वाधिक प्रतिनिधी, साउथ कॅरोलायनात आठ टक्के. ते आठ हलले नाहीत तर बाकी सगळं व्यर्थ. अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांच्या सभांची गर्दी बघून जे भाळतात त्यांनी लक्षात ठेवावं, की प्रतिनिधीगृहातून थेट राष्ट्राध्यक्ष झालेला एकच माणूस आहे, १८८०चे गारफिल्ड. मात्र छोट्या देणग्यांच्या बाबतीत त्यांना लोक कमी लेखतात. २५ डॉलर देणारा माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा देतो; डिसँटिस यांचे देणगीदार नेमके तेच करू शकत नव्हते.

जेडी व्हान्स यांच्याबाबत दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. उमेदवारीपुरतं त्यांना फुगवलेलं म्हणता येणार नाही. उपराष्ट्राध्यक्षपद आहे, मार्च २०२५पासून पक्षाच्या राष्ट्रीय समितीचं अर्थप्रमुखपद आहे, म्हणजे मोठा देणगीदार त्यांच्या फोनमध्ये आहे. पण 'व्हान्स म्हणजे पुढचे राष्ट्राध्यक्ष' हे वाक्य ऐकलं की ओहायो २०२२ आठवावं. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, त्यांच्याच पक्षाचे राज्यपाल माइक डिवाइन सुमारे २५ टक्क्यांच्या फरकानं जिंकले. व्हान्स सिनेटवर सुमारे सहा टक्क्यांनी. लाखो मतदारांनी डिवाइन यांच्यापुढे खूण केली आणि व्हान्स यांना टाळलं. पदावर असताना राष्ट्राध्यक्षपद जिंकलेला उपराष्ट्राध्यक्ष १८३६नंतर एकच, थोरले बुश, १९८८. निक्सन, हम्फ्री, गोर, हॅरिस हे सगळे पदावर असताना पडले.

ज्यांची नावं आपल्याकडे कुणी घेत नाही त्यांच्याकडे जरा बघावं. केंटकीत ट्रम्प २०२४ला सुमारे ३० टक्क्यांनी जिंकले, तिथे अँडी बशीर २०१९ आणि २०२३ अशा दोन वेळा डेमोक्रॅट म्हणून राज्यपाल झाले. जॉश शपिरो पेनसिल्व्हेनियात २०२२ला सुमारे १५ टक्क्यांनी आले. हे जिंकतीलच असं नाही. 'नाव ऐकलेलं नाही' हा रकाना त्यांच्या पुढ्यात अजून भरलेला आहे, एवढंच. डिसेंबर १९९१मध्ये न्यूयॉर्कचे राज्यपाल मारिओ क्युओमो यांना न्यू हॅम्पशायरला अर्ज भरायला न्यायचं म्हणून ऑल्बनीला विमान तयार उभं होतं आणि सगळ्या वार्ताहरांचं लक्ष त्या विमानाकडे. क्युओमो बसले नाहीत. आर्कन्साचे राज्यपाल बिल क्लिंटन तेव्हा आधीच कामाला लागलेले होते.

उमेदवारांच्या समित्यांचे २०२७चे तिमाही हिशेब १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि ३१ जानेवारी २०२८ला जाहीर होतील. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही फुकट बघता येतात. शिल्लक किती, जमेच्या किती टक्के खर्च झाला, २०० डॉलरच्या आतल्या देणग्यांचा वाटा किती, मुख्य निवडणुकीसाठी अडकलेली रक्कम किती, हे चार आकडे काढायला पंधरा मिनिटं लागतात. माझा अंदाज, शेवटचा हिशेब येईपर्यंत आजच्या डेमोक्रॅटिक यादीतल्या पहिल्या तिघांपैकी एक जण शर्यतीत नसेल, आणि तो खर्चाच्या रकान्यात आधी दिसेल, चाचणीत नंतर.